समुद्रकांठची गोल्फची सुटी

वर्धा जिल्ह्याला समुद्र नाहीं. ज्या नदीवरून जिल्ह्याचें नांव पडलें ती वर्धा नदी त्याच्या कडेनें वाहते खरी. परंतु पुढें प्राणहितेच्या आणि गोदावरीच्या वाटेनें तिचें पाणी पूर्वेकडे, बंगालच्या उपसागरास मिळतें. वर्धेकर कुटुंबाची सुटी मात्र बहुधा उलट दिशेला, पश्चिमेच्या समुद्राकडे वळते. मुंबई लोहमार्गानें साडेसातशें किलोमीटरांहून दूर, गोवा त्याच्याही पलीकडे. इतक्या लांबचा प्रवास करावयाचा तर तो विचारपूर्वक आंखला पाहिजे, हें सांगण्यास पंडित नको. तथापि लग्नकार्याची यादी जितक्या काळजीनें केली जाते, तितकी काळजी सुटीच्या बेतास क्वचितच मिळते.

अलीकडे या बेतांत एका नव्या खेळाची भर पडली आहे. सेवाग्राम आणि सावंगी येथील वैद्यकीय महाविद्यालयांमुळें जिल्ह्यांत डॉक्टरांचीं घरें पुष्कळ झालीं. पुण्या-मुंबईस नोकरी करणारीं मुलें घरोघर आहेत. सैन्यांतून निवृत्त होऊन परतलेले अधिकारीही आहेत. यांपैकीं कोणास तरी गोल्फची गोडी लागलेली असते. पोर्तुगाल आणि स्पेन या देशांच्या दक्षिण किनाऱ्यावर सकाळीं गोल्फ आणि संध्याकाळीं समुद्र अशी सुटी घालविण्याची पद्धत कित्येक वर्षांपासून रूढ आहे. तिच्याविषयीं ऐकून आपणही तसें कांहीं करावें असा विचार घरांत निघतो. विचार वाईट नाहीं. पण तो अमलांत आणतांना एक सूत्र प्रथमपासून ध्यानांत धरावें लागतें: खेळ एकाचा असला तरी सुटी सर्वांची असते. बेत फसतात ते बहुधा पैसा कमी पडल्यामुळें नव्हे, तर हें सूत्र विसरल्यामुळें.

खेळाची मागणी काय, हें घरांतल्या न खेळणाऱ्या माणसांनीही समजून घेतलें पाहिजे. कारण दिवसाची वांटणी त्यावर ठरते. गोल्फ म्हणजे एक लहान, कठीण चेंडू काठीनें मारीत मारीत दूरच्या एका खळगींत घालणें. चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटरांपेक्षां कमी असून चालत नाहीं आणि त्याचें वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षां अधिक असून चालत नाहीं. खळगीची रुंदी १०८ मिलिमीटर, म्हणजे घरांतल्या लहान वाटीएवढी. खेळाडूस जवळ जास्तींत जास्त चौदा काठ्या बाळगतां येतात. कांहीं लांब मारण्याच्या, कांहीं वाळूंतून चेंडू उचलण्याच्या, आणि एक हिरवळीवरून तो हळूच खळगींत लोटण्याची. जो कमींत कमी फटक्यांत सर्व खळग्या पुऱ्या करील तो जिंकला.

पूर्ण मैदान अठरा खळग्यांचें असतें. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथें १७६४ सालीं हा आंकडा ठरला आणि पुढें तोच जगभर रूढ झाला. प्रत्येक खळगीला तीन, चार किंवा पांच फटके अपेक्षित धरलेले असतात. अठरा खळग्यांची बेरीज बहुतेक मैदानांवर बहात्तरच्या आसपास भरते. कच्च्या खेळाडूला त्याच्या कुवतीप्रमाणें कांहीं फटक्यांची सूट देण्याची रीत आहे. त्यामुळें पासष्ट वर्षांचा बाप आणि तीस वर्षांचा मुलगा एकाच डावांत बरोबरीनें खेळूं शकतात. ही सोय फार थोड्या खेळांत आढळते, आणि कौटुंबिक सुटीच्या दृष्टीनें हा गोल्फचा मोठाच गुण म्हटला पाहिजे.

गुणाबरोबर दोन मागण्याही येतात. पहिली वेळेची. अठरा खळग्यांचा डाव पुरा होण्यास चार ते साडेचार तास लागतात, आणि तेवढ्यांत खेळाडूची सात-आठ किलोमीटर चाल होते. दुसरी मागणी जागेची. पूर्ण मैदानाला सव्वाशें ते दीडशें एकर जमीन लागते, आणि तिच्यावरील गवत बारा महिने हिरवें राखावें लागतें. पहिल्या मागणीचा संबंध घराशीं आहे; दुसरीचा ज्या गांवीं आपण पाहुणे म्हणून जातों त्या गांवाशीं. दोहोंचाही हिशेब पुढें येईल.

हा खेळ हिंदुस्थानाला नवा नाहीं. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालीं निघाला. ब्रिटिश बेटांबाहेर तोच सर्वांत जुना मानला जातो. मुंबईस १८४२ सालीं क्लब स्थापन झाला होता, पण तो पुढें टिकला नाहीं. नाशिक शहरांतील हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला लोक आजही ‘गोल्फ क्लब मैदान’ म्हणतात, आणि त्यावर सामने होतात ते क्रिकेटचे! खेळ गेला, नांव राहिलें. सांगण्याचा हेतु एवढाच कीं, हा खेळ साहेबाबरोबर आला आणि छावण्यांच्या व बड्या क्लबांच्या आश्रयानें राहिला. म्हणून त्याचीं मैदानें आजही सर्वत्र सांपडत नाहींत, आणि जेथें आहेत तेथें कोणालाही आयत्या वेळीं प्रवेश मिळेलच असें नाहीं.

आतां ऋतूचा विचार. येथें युरोपचें अनुकरण डोळे मिटून करणें नडतें. पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यास आल्गार्व म्हणतात. तेथील पाऊस थंडीच्या दिवसांत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. वर्षांत सारा मिळून सुमारें पांचशें मिलिमीटर पाऊस, आणि सूर्यप्रकाश तीन हजार तासांहून अधिक. म्हणून इंग्लंडमधील थंडीला कंटाळलेले लोक तेथें वसंतांत आणि शरदांत गोल्फ खेळण्यास जातात. आपल्या पश्चिम किनाऱ्याचें वेळापत्रक अगदींच निराळें. गोव्यांत सुमारें तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे वर्ध्याच्या जवळ जवळ तिप्पट. आणि त्यांतला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळांत समुद्र खवळलेला असतो आणि मैदान चिखलानें भरलेलें. मे महिन्यांत वर्ध्याचा पारा पंचेचाळीस अंशांवर चढला म्हणजे समुद्राची आठवण होणें स्वाभाविक आहे. परंतु किनाऱ्यावरचा मे महिना दमट असतो. तेथें पारा कमी चढला तरी घाम वाळत नाहीं, आणि वऱ्हाडच्या कोरड्या उन्हाची संवय असलेल्या माणसाला ती हवा अधिकच जड वाटते. अशा हवेंत चार तास मैदानावर चालणें वृद्धांनीं तर टाळावेंच.

तेव्हां काळ दोनच उरतात. शाळेंत जाणारीं मुलें बरोबर असतील तर दिवाळीची सुटी. पावसानंतरची हिरवळ ताजी असते, हवा निवळूं लागलेली असते. ज्यांच्यामागें शाळेचा तगादा नाहीं त्यांनीं संक्रांतीनंतर महाशिवरात्रीपर्यंतचा काळ घ्यावा. नाताळची गर्दी ओसरलेली असते, दर उतरलेले असतात, पहांटे वीस-एकवीस अंशांचा गारवा असतो. नाताळ ते इंग्रजी नववर्ष हा आठवडा मात्र, शक्य तर, दुसऱ्यांसाठीं सोडून द्यावा. त्या दिवसांत खोलीचे दर चढतात, रस्ते भरून वाहतात आणि खेळासाठीं हवी ती वेळ मिळत नाहीं.

स्थळाचा विचार करतांना अपेक्षा बेताची ठेवावी. आल्गार्वच्या किनाऱ्यावर अठरा खळग्यांचीं अनेक मैदानें एकमेकांच्या शेजारीं आहेत. गोव्यांत तसें नाहीं. दक्षिण टोकाला काणकोण तालुक्यांत राजबागच्या किनाऱ्यावर ललित हॉटेलच्या आवारांत नऊ खळग्यांचें मैदान आहे. त्या नऊ खळग्यांसाठीं सुरुवातीचा फटका मारण्याच्या जागा दोन दोन केलेल्या आहेत; त्यामुळें तींच मैदाने फिरून दुसऱ्यांदां खेळलीं म्हणजे अठरांचा डाव पुरा होतो, आणि दुसरी फेरी पहिलीहून थोडी निराळी वाटते. मोबोर येथें साळ नदीच्या मुखाशींही हॉटेलच्या आवारांतील लहान मैदान आहे. ज्यास कसून खेळावयाचें आहे त्यानें मुंबईस चेंबूरच्या किंवा पुण्यास येरवड्याच्या पूर्ण मैदानाची, तेथील सभासद मित्राच्या ओळखीनें, वेगळी व्यवस्था करावी. गोव्याच्या लहान मैदानाला नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं. नऊ खळग्यांचा डाव दोन तासांत आटोपतो. म्हणजे सकाळीं साडेसहाला बाहेर पडलेला माणूस नऊच्या आधीं घरच्यांबरोबर न्याहारीला बसूं शकतो. कुटुंबाच्या दृष्टीनें ही उणीव नसून सोयच आहे.

कसें जावें? रेल्वेचा मार्ग भुसावळ, नाशिकरोड, कल्याण, पनवेल आणि तेथून कोंकण रेल्वेनें मडगांव. कोंकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजीं खुला झाला आणि विदर्भाला गोवा खऱ्या अर्थानें गाडीच्या टप्प्यांत आला. नागपूर-मडगांव अशी विशेष गाडीही अलीकडील वर्षांत चालविण्यांत आली आहे. ती त्या हंगामांत आहे कीं नाहीं याची चौकशी आधीं करावी. नसेल तर गाडी बदलावी लागते, आणि ती बदलण्याची वेळ मध्यरात्रीं येणार नाहीं अशी बेतावी. म्हातारीं माणसें, झोपलेलीं मुलें आणि काठ्यांची लांब पिशवी हीं तिन्ही एकाच वेळीं सांभाळून फलाट बदलणें कठीण जातें. आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासापूर्वीं साठ दिवसांवर आणलेली आहे. तेव्हां दिवस मोजून पहिल्याच सकाळीं तिकीट काढावें. जाण्याचा प्रवास शक्य तितका दिवसा होईल असें पाहिल्यास रत्नागिरी जिल्ह्यांतील बोगदे, खोल दऱ्यांवरचे पूल आणि खाड्या मुलांस दिसतात, आणि सुटीचा आनंद पोंचण्यापूर्वींच सुरू होतो. काणकोण हें स्वतः कोंकण रेल्वेवरील स्थानक आहे. तेथें थांबणारी गाडी मिळाली तर मडगांवाहून पुढचा मोटारप्रवास वांचतो.

विमानानें जावयाचें तर नागपूरचा विमानतळ जवळ आहे. पण गोव्यांत विमानतळ दोन आहेत हें विसरूं नये. दाबोळीचा जुना, मध्यभागीं. मोप्याचा नवा, अगदीं उत्तरेस पेडणें तालुक्यांत. मुक्काम काणकोणला आणि तिकीट मोप्याचें काढलें, तर सारा गोवा उत्तरेकडून दक्षिणेकडे ओलांडावा लागतो, आणि आकाशांत वांचविलेला वेळ रस्त्यावर खर्च होतो. काठ्यांच्या पिशवीचें वजन सामानांत धरलें जातें कीं वेगळें भाडें पडतें, हें विमान कंपनीस आधींच विचारून घ्यावें. दोनच दिवस खेळणाऱ्यानें तर काठ्या तेथेंच भाड्यानें घेण्याची चौकशी करावी.

मोटारीनें जाणाऱ्यांपुढें आज जो मार्ग आहे तो यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर असा, आणि तेथून आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी. लांबचा आहे, वाटेंत निदान एक, आणि वृद्ध बरोबर असल्यास दोन मुक्काम धरावे. तुळजापूर आणि कोल्हापूर ही दोन देवस्थानें वाटेवरच लागतात. घरांतील वडीलधाऱ्यांचा प्रवास त्यामुळें सार्थकीं लागतो. ११ डिसेंबर २०२२ या एकाच दिवशीं नागपूर-शिर्डी समृद्धि महामार्गाचें आणि मोप्याच्या विमानतळाचें उद्घाटन झालें हा एक योगायोग. पण समृद्धि महामार्ग वर्धा जिल्ह्यांतून जात असला तरी तो मुंबईकडे नेतो, गोव्याकडे नव्हे. गोव्याकडे नेणारा म्हणून ज्याची आंखणी झाली तो शक्तिपीठ महामार्ग. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत सुमारें ८०२ किलोमीटर लांबीच्या या रस्त्याच्या योजनेस राज्य मंत्रिमंडळानें जून २०२५ मध्यें मान्यता दिली. अठरा तासांचा प्रवास आठ तासांवर येईल असें सरकार सांगतें. आमची बागायती जमीन त्यांत जाते असें कोल्हापूरकडील शेतकरी सांगतात आणि त्यांनीं जोराचा विरोध केला आहे. प्रवाशानें दोन्ही गोष्टी ऐकून ठेवाव्या. ज्या रस्त्यानें सुटीला जावयाचें तो कोणाच्या तरी शेतांतून जातो, हें शेतकऱ्यांच्या जिल्ह्यांत राहणाऱ्यांस निराळें समजावून द्यावें लागत नाहीं.

मुक्कामावर पोंचल्यावर दिवसांची वांटणी कशी करावी? समजा, एकूण सुटी आठ दिवसांची आहे आणि जाण्यायेण्यांत तीन दिवस जातात. उरलेल्या पांचांपैकीं खेळासाठीं दोन, फार तर तीन सकाळी घ्याव्या, आणि त्याही एकाआड एक. लागोपाठ खेळल्यानें उतारवयांत कंबर व खांदे धरतात. आणि घरांतील इतरांस, आपण दुसऱ्याच्या खेळासाठीं येथें आलों, असें वाटूं लागतें. विशेषतः गृहिणीचा विचार व्हावा. घरीं स्वयंपाक आणि येथें मुलें सांभाळणें, एवढाच जर तिच्यासाठीं फरक असेल, तर त्याला सुटी म्हणतां येणार नाहीं. ज्या सकाळीं वडील मैदानावर असतील त्या दिवशीं दुपारपासून मुलांची जबाबदारी त्यांनीं घ्यावी, असा साधा करार निघण्यापूर्वींच करून ठेवावा. मुलांपैकीं कोणास रस असेल तर त्यास मैदानावर बरोबर न्यावें. गोल्फमध्यें पंच पाठोपाठ फिरत नसतो. बहुधा आपले फटके आपणच मोजावयाचे आणि खरे सांगावयाचे असतात. हा धडा मुलाला सुटींतच मिळाला तर वाईट काय?

न खेळणाऱ्यांसाठीं काणकोण तालुक्यांत पाहण्यासारखें पुष्कळ आहे. खोतीगांवचें अभयारण्य १९६८ सालापासून राखलेलें आहे. बोरचें अभयारण्य पाहिलेल्या वर्धेकर मुलांस सागवानाचें कोरडें रान आणि सह्याद्रीचें ओलें रान यांतील भेद तेथें प्रत्यक्ष दिसतो. गालजीबाग आणि आगोंद या किनाऱ्यांवर समुद्री कासवें अंडीं घालण्यास येतात. ती जागा राखीव असते, तेथें दिवे व गोंगाट करूं नये. पर्तगाळीचा मठ, श्रीस्थळचा मल्लिकार्जुन, आणि एक दिवस काढून फोंड्याकडील मंगेशी व शांतादुर्गा हीं देवस्थानें वृद्धांसाठीं आहेत. इतिहासाची आवड असणाऱ्यांस काब-द-रामचा किल्ला आणि जुन्या गोव्यांतील भव्य चर्चें आहेत.

समुद्राविषयीं मात्र स्वतंत्र इशारा दिला पाहिजे. कारण येथें चुकीची किंमत पैशांत मोजतां येत नाहीं. धाम नदींत किंवा विहिरींत पोहणारा तरुण आपणांस पट्टीचा पोहणारा समजतो. पण विहिरीचें पाणी ओढीत नाहीं, समुद्राचें ओढतें. लाटांनीं किनाऱ्यावर आणलेलें पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यांतून वेगानें परत आंत जात असतें. त्या ओढींत सांपडलेला मनुष्य सरळ किनाऱ्याकडे येण्याची धडपड करतो, थकतो आणि बुडतो. त्यानें तसें न करतां किनाऱ्याला समांतर, आडवें पोहावें. पट्टा अरुंद असतो, तो संपला कीं ओढ संपते, आणि मग लाटांबरोबर बाहेर येतां येतें. पोहतां येत नसेल तर तरंगत राहून हात वर करावा. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ सालापासून जीवरक्षकांची व्यवस्था आहे. लाल-पिवळीं निशाणें लावलेल्या दोन खुणांच्या मधेंच पाण्यांत उतरावें, नुसतें लाल निशाण असेल तर मुळींच उतरूं नये, आणि जीवरक्षक गेल्यानंतर संध्याकाळच्या अंधारांत तर पायही भिजवूं नयेत. अकरा ते तीनपर्यंतचें ऊन मैदानावर किंवा वाळूंत घेऊं नये, हेंही याच सदरांत सांगितलें पाहिजे.

खर्चाचे पांच भाग करावे: प्रवास, निवास, भोजन, खेळ आणि शिल्लक. पहिल्या चारांची बेरीज झाल्यावर तिचा एक-षष्ठांश शिलकीसाठीं बाजूला ठेवावा; आजारपण, चुकलेली गाडी, वाढलेला मुक्काम यांस तो उपयोगी पडतो. हॉटेलास पैसे पाठविण्यापूर्वीं कांहीं प्रश्न लिहून विचारावे आणि उत्तर लेखीच घ्यावें. मैदान त्या तारखांना चालू आहे काय? खेळाचें शुल्क निवासाच्या दरांत धरलें आहे कीं वेगळें? काठ्या आणि त्या वाहणारा मदतनीस यांचा आकार काय? नवशिक्यास शिकविणारा कोणी आहे काय? बेत रहित झाल्यास पैसे किती परत मिळतात? शाकाहारी भोजन निराळें मिळतें काय? या सहा प्रश्नांच्या उत्तरांनीं पुढचे अनेक वाद टळतात.

ज्यांचीं मुलें युरोपांत स्थायिक झालीं आहेत त्यांस प्रत्यक्ष आल्गार्वचा बेत करणें अशक्य नाहीं. पोर्तुगाल, स्पेन इत्यादि शेंगेन देशांचा परवाना प्रवासापूर्वीं सहा महिन्यांच्या आंत मागतां येतो. निदान पंधरा दिवस आधीं तरी अर्ज गेला पाहिजे, आणि गर्दीचे दिवस धरून तो दोन-तीन महिने आधीं करणेंच शहाणपणाचें. तीस हजार युरोंचा प्रवासी आरोग्य विमा त्यासाठीं आवश्यक असतो. काळ एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरचा उत्तम. ऑगस्टांत तेथें उन्हाचा व गर्दीचा कहर असतो. या किनाऱ्याची कथा मोठी बोधप्रद आहे. १९६५ सालीं फारो येथें विमानतळ झाला. दुसऱ्याच वर्षीं, १९६६ मध्यें, पेनीना येथें आल्गार्वमधील पहिलें मोठें गोल्फ मैदान खुलें झालें. तें आंखलें हेन्री कॉटन या इंग्रज खेळाडूनें, ज्यानें ब्रिटिश खुली स्पर्धा १९३४, १९३७ आणि १९४८ अशी तीनदां जिंकली होती. ती जागा मूळची भातखाचरांची, पाणथळ. पाणी शोषून घेण्यासाठीं कॉटननें तेथें हजारों झाडें लावलीं. मच्छीमारांचा आणि शेतकऱ्यांचा तो किनारा पुढें पाहिलें पाहिजे तेथें हॉटेलांनीं आणि मैदानांनीं भरून गेला.

परंतु या कथेचा उत्तरार्धही ऐकावा. जेथें पाणी शोषण्यासाठीं झाडें लावलीं, त्याच आल्गार्वमध्यें पुढें दुष्काळ पडला, आणि २०२४ च्या आरंभीं पोर्तुगाल सरकारला शेतीच्या पाण्यांत पंचवीस टक्के, आणि शहरें व पर्यटन यांच्या पाण्यांत पंधरा टक्के कपात जाहीर करावी लागली. मग शुद्ध केलेलें सांडपाणी मैदानांस वापरावें या विचारास जोर आला. आपल्याकडेही असाच प्रश्न निघाला. तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर, सिंधुदुर्ग जिल्ह्याला लागून, तेरेखोल नांवाचें एक लहान गांव गोव्याच्या हद्दींत आहे. सावंतवाडीकर भोसल्यांनीं बांधलेला आणि १७४६ सालीं पोर्तुगीजांनीं जिंकलेला किल्ला तेथें आहे. त्या गांवच्या पठारावर गोल्फ मैदानाचा बेत निघाला तेव्हां गांवकऱ्यांनीं आपल्या जमिनीसाठीं आणि काजूच्या झाडांसाठीं विरोध केला, आणि प्रकरण न्यायालयापर्यंत व हरित न्यायाधिकरणापर्यंत गेलें. पाहुण्यांस ही हकीकत हॉटेलच्या पत्रकांत वाचावयास मिळत नाहीं.

यावरून गोल्फ खेळूंच नये असा निष्कर्ष काढण्याचें कारण नाहीं. ज्यानें मृग कोरडा जातांना पाहिला आहे, पेरलेली सरकी दुसऱ्यांदां पेरावी लागतांना पाहिली आहे, त्यानें जानेवारींत हिरवेंगार गवत पाहिलें तर त्यास एक प्रश्न आपोआप सुचावा: हें पाणी येतें कोठून? तो प्रश्न त्यानें पूर्वीं सांगितलेल्या सहांत सातवा म्हणून घालावा. मैदानास सांडपाणी शुद्ध करून वापरतात, कीं गांवच्या विहिरींचें पाणी ओढतात, हें पाहुणे विचारूं लागले म्हणजे यजमानांसही त्याचें उत्तर तयार ठेवावें लागतें.

सुटीचा बेत करतांना तारखा, तिकिटें आणि पैसे यांची यादी सर्वच करतात. तिच्या शेजारीं माणसांची यादी करावी. खेळणारा, न खेळणारी गृहिणी, समुद्रासाठीं अधीर झालेलीं मुलें, देवदर्शनाची इच्छा असणारे आजी-आजोबा, आणि ज्यांच्या गांवीं आपण चाललों ते अनोळखी लोक. प्रत्येक नांवापुढें, या सुटींत त्याच्या वांट्यास काय येणार, तें लिहावें. एकाही नांवापुढची जागा रिकामी राहिली, तर बेत अजून पुरा झालेला नाहीं असें समजून तिकिटें काढण्यापूर्वीं एक संध्याकाळ पुन्हां एकत्र बसावें.